रस्त्याच्या टोकाचं घर

एकच घर बघायला दोन गिऱ्हाइकांना एकाच वेळी बोलावणं हा घराच्या म्हाताऱ्या मालकिणीचा, इबू मार्सिहचा, भोळेपणा होता की लबाडी, हे जावातल्या सालातिगा गावात कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या दुपारी तिच्या ओसरीवर वेनिंग छत्री मिटत होती, आणि त्याच पायरीवर एका तरुणाने आपला ओला रेनकोट असा काही झटकला, की सगळं पाणी हिच्या अंगावर!

"अहो, जरा बघून!"

"माफ करा, म्बाक..." अनोळखी तरुणीला इथे म्बाक म्हणतात, तरुणाला मास. "खोली भाड्याने मिळते का बघायला आलात?"

"घर विकत घ्यायला आलेय."

तो हसला. त्याच्या गालाला खळी पडायची, आणि ही गोष्ट वेनिंगने उगाचच लक्षात ठेवली. "मग आपलं जमायचं नाही. मीही त्याचसाठी आलोय."

इबू मार्सिहने दोघांपुढे गोड चहा ठेवला आणि स्वतः आत जाऊन दाराआड कान लावला. म्हातारी हुशारच.

त्याचं नाव सेनो. तंत्रनिकेतनात शिकवायचा. पहिलंच घर घेत होता. वेनिंगचंही पहिलंच. वडील गेल्यावर शेत विकून तिचा आणि आईचा वाटा मिळाला होता, जकार्तातल्या कचेरीतून ती लांबलचक रजा काढून आली होती. गावी राहणाऱ्या आईचं म्हातारपण या एका व्यवहारावर अवलंबून होतं. चुकून चालणार नव्हतं.

"घेऊन काय करणार?" सेनोने विचारलं.

"डागडुजी, रंग, आणि विकून मोकळी. मग पुढचं."

"आणि मी घेतलं तर कधीच विकणार नाही. विद्यापीठातल्या मुलींना खोल्या देईन."

"म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करत बसणार?"

ती हसत म्हणाली खरी, पण आवाजात काहीतरी दुखरं होतं. तिच्या वडिलांनी तेच केलं होतं. भाडेकरूंच्या तक्रारींपायी ते कधी समुद्रसुद्धा बघायला गेले नाहीत. आपण एखादी गोष्ट धरून ठेवली की ती आपल्यालाच धरून ठेवते, हे वेनिंगने लहानपणीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

सेनोचं उलट. दरवर्षी कराराची मुदत संपली की त्याची आई भांडीकुंडी बांधायची, नवं घर, नवी शाळा... "एकदा तरी भिंतीवर खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागू नये," तो म्हणाला. वेनिंग चहा ढवळत राहिली.

निघताना तो फाटकापाशी थांबला. समोरून येणारा रस्ता सरळ येऊन घराच्या दारावरच संपत होता.

"एक सांगू? हे सातेच्या काडीचं घर आहे. भाजायच्या मांसाच्या तुकड्यात काडी शिरावी तसा रस्ता घरात शिरतो. इथली माणसं अशा अपशकुनी घराला हात लावत नाहीत. भाड्याने राहतील, पण विकत... नाही घेणार."

"अस्सं! म्हणजे मी घाबरून पळायचं, आणि तुम्हाला घर स्वस्तात!"

"मी आपलं—"

"कळलं हो, मास सेनो. डाव चांगला होता."

तिने जास्त किंमत दिली आणि घर घेतलं. जकार्तात कोण असलं मानतं, असं म्हणत तिने आतबाहेर पिवळसर पांढरा रंग दिला, मोरी नवी केली, फाटकाशी बोगनवेल लावली. घर खरोखर देखणं दिसायला लागलं.

गिऱ्हाइकं आली. घर बघून हरखली. मग फाटकापाशी उभी राहून मागे वळली, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं. "छानच आहे हो, अगदी मनासारखं. घरी विचारतो आणि कळवतो." वेनिंग आनंदाने आईला फोन करायची. जकार्तात राहून ती एक गोष्ट पार विसरली होती. तिच्या गावाकडची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, नुसतं हसून हो म्हणतात आणि परत येत नाहीत. तिसऱ्या 'छानच आहे' नंतर ती ओसरीवर एकटी बसून रडली.

सेनो मधूनमधून यायचा. कधी आल्याच्या गरम काढ्याचा ग्लास घेऊन, कधी नुसताच. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. त्याचाच तिला जास्त राग यायचा, आणि तो आला नाही की त्याहून जास्त राग यायचा.

"आज कुणी आलं होतं?"

"आलं होतं. छानच आहे म्हणाले."

"अरे देवा... इतकं वाईट झालं?"

आणि मग दोघंही हसत सुटायची. हसता हसता त्याची नजर तिच्यावर जरा जास्त वेळ रेंगाळायची, आणि ती उगाच बोगनवेलीला पाणी घालायला उठायची—पाऊस पडत असला तरी.

मग कचेरीतून फोन आला. महिनाअखेर रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आईचे सगळे पैसे चार भिंतींत अडकलेले, आणि वेनिंग त्या भिंतींपाशी. त्या संध्याकाळी सेनो आला तो इस्त्रीचा बाटिक सदरा घालून, अवघडून उभाच राहिला.

"बँकेने माझं कर्ज मंजूर केलंय. हे घर मी घेतो. तुमचा रंग, मोरी, सगळं धरून, जेवढं लागलं तेवढं देतो."

वेनिंग त्याच्याकडे बघतच राहिली. "दोन महिने थांबला असतात तर मी हे अर्ध्या किमतीत दिलं असतं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग हा वेडेपणा कशाला?"

छपरावरून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही अडकल्यात म्हणून इथे आहात... मी रोज येतो, आणि परत जाताना मला माझीच लाज वाटते. मला तुम्ही इथे हव्या आहात, म्बाक. पण अशा नाही. पैसे घ्या, आईला द्या, जकार्ताची गाडी पकडा. मग तरीही... वाटलं तर..." त्याने मान खाली घातली. "मला वळसे घेऊन बोलता येत नाही. तुम्ही मला फार आवडता."

कुणी आपल्याला धरून ठेवायच्या ऐवजी दार उघडून द्यावं, आणि पाऊल उचलायची इच्छाच होऊ नये... असं होऊ शकतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मी घर विकतेय," ती म्हणाली. "नफा नको, तोटा नको."

"बरं." त्याचा चेहरा उतरलाच.

"आणि पुढचं घर बघायला लागतेय. याच गावात. या वेळी आधी रस्ता बघून. उद्या सकाळी कचेरीला कळवते, माझी जागा खुशाल दुसऱ्याला द्या."

सेनोने मान वर केली. खळी पडायला आली होती, पण अजून धीर होत नव्हता.

"मग... राहणार कुठे?"

"ही पुढची खोली मला दे. तुझी पहिली भाडेकरू."

'तुझी' हा शब्द दोघांनीही ऐकला. तो लाल झाला.

"पण मुलींच्या खोल्या आहेत, वेनिंग. नियमाने पुरुषांनी ओसरीच्या पुढे यायचं नाही. मालकानेसुद्धा."

"मग बस ओसरीवर. आणि रविवारी माझ्या आईला भेटायला ये."

"आईला? का?... म्हणजे, येतो. पण भाडं किती, मुदत किती, काहीच ठरलं नाही."

"ते तू ठरव, मालक आहेस," वेनिंग म्हणाली आणि पहिल्यांदाच त्याचा हात हातात घेतला. "बाकीचं मी ठरवलंय."