चाकामागचा दगड

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी हॉटेलच्या दारात उभी होती. सांगितलेली वेळ सव्वासहाची; पण पाचरभाऊ नेहमीच पाच मिनिटं आधी पोचत.

त्यांचं खरं नाव ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात कोणी घेत नसे. डिकीत ते एक लाकडी पाचर ठेवत, चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाला लावायला. बाकीचे ड्रायव्हर रस्त्याकडेचा मिळेल तो दगड लावून मोकळे होत. यांची पाचर सुताराकडून करून घेतलेली, आणि तिला दोन हात दोरी. दोरीचं दुसरं टोक डिकीच्या कडीला. म्हणजे विसरून गाडी काढलीच, तरी पाचर मागोमाग ओढली जाणार. रस्त्यात राहणार नाही.

"गुरासारखी बांधून ठेवलीय," बुकिंगवाली हसायची. "पळून जाईल की काय?"

पाचरभाऊ नुसते हसत. दोरी कशासाठी, हे सहा वर्षांत त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी ते तिच्याशी हुज्जत घालून आले होते. दोन बहिणींची खासगी सहल होती. समुद्राकाठच्या शहरातून डोंगरावर जायचं आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. तीही जुन्या घाटाने.

"नव्या बोगद्याने नेतो. अर्धा वेळ वाचेल."

"त्यांना वेळ वाचवायचा नाहीये, डोंगर बघायचाय. बोगद्यातून काय, अंधार दाखवणार आहात?"

सहा वर्षं काही ना काही कारण काढून टाळलेला घाट शेवटी वाट्याला आलाच.

बहिणी वेळेवर खाली आल्या. थोरल्या बाई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. धाकटीच्या जिभेला हाड नव्हतं. गाडीत बसताच तिने पिशवीतून निळ्या किनारीचे चार रुमाल काढले.

"माझ्या हातचे आहेत हो, दादा. एकावर इस्त्रीने खुणेचा शिक्का मारलाय, एवढंच." कोपऱ्यावरचा तपकिरी डाग तिने दाखवला. "ताई, हा जळका कोणाला द्यायचा?"

"जाळला कोणी, तिला," थोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पाचरभाऊंना हसू आलं. बरं वाटलं. सकाळ स्वच्छ होती. समुद्र मागे पडला, मिठागरं गेली, भातशेतं गेली आणि साडेआठच्या सुमाराला रस्ता चढू लागला. घाट सुरू झाला तसा गाडीत ओल्या पाचोळ्याचा वास आला. वळणावळणाला दरीच्या बाजूने चुना फासलेले पांढरे दगड ओळीने मांडलेले होते. पाचरभाऊ ते मोजायचे नाहीत असं ठरवून गाडी चालवत होते.

तिसऱ्या वळणावर तळं दिसतं. तिथे गाडी थांबवून त्यांनी हॅन्डब्रेक ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, त्याच क्षणी मागून आवाज आला.

टक.

मोठा नाही. चाकाखाली कोणी दगड सरकवावा आणि बुटाच्या टोकाने तो घट्ट बसवावा, तेवढाच. गाडीला किंचित धक्का बसला. बहिणी डाव्या दाराने उतरून कठड्याकडे गेल्या. पाचरभाऊ पाचर काढायला मागे गेले आणि तिथेच थांबले.

मागच्या उजव्या चाकाला दगड लावलेला होता. नारळाएवढा, एका अंगाला चुना.

कुठल्या तरी ड्रायव्हरने टाकून दिला असेल, आपण नेमके त्याच्यापुढे थांबलो असू... त्यांनी स्वतःची समजूत घातली. दगड उचलला. तो थंडगार आणि ओला होता, रस्ता मात्र कोरडा. त्यांनी तो पार कडेला नेऊन ठेवला आणि हात पँटला पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

कारण असाच दगड त्यांनी पूर्वी एकदा हातात घेतला होता.

सहा वर्षांपूर्वी ते रिकामी गाडी घेऊन हाच घाट चढत होते. दुपारचे चार, पण धुकं असं की हेडलाइटचा उजेड बॉनेटवरच संपत होता. सातव्या वळणावर इंजिन तापलं. त्यांनी कडेच्या ओळीतला एक पांढरा दगड काढून चाकाला लावला, पाणी ओतलं, वाट बघितली आणि निघाले. दगड रस्त्याच्या मधोमध राहिला. आठव्या वळणावर समोरून आलेली एक मोटारसायकल त्यांच्या शेजारून खाली गेली. तिने दोनदा हॉर्न दिला होता. मग खालून आधी घसटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मग पुष्कळ वेळाने, खूप खोल, आणखी एक आवाज.

पाचरभाऊ इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं बसले. मग पहिला गिअर टाकून वर निघून गेले.

त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी पेपरात बातमी आली: मोटारसायकलवरून कामाहून निघालेला एक वायरमन घरी पोचलेला नाही. नव्या रस्त्याने गेला की जुन्या, कोणालाच ठाऊक नव्हतं. शोध नव्या रस्त्यावर झाला.

दुसरा थांबा धबधब्याचा. तिथे त्यांनी इंजिन चालू ठेवून मुद्दाम आधी खाली उतरून बघितलं, जागा साफ होती. पुन्हा आत बसून गाडी दोन हात पुढे घेतली, थांबवली. आरसा नीट लावला. आरशात रिकामा रस्ता, त्यावर धबधब्याचे तुषार.

टक.

ते धावत मागे गेले. तोच दगड. चुन्यावर त्यांच्या मघाच्या बोटांचे ठसे होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ते बराच वेळ गाडीला पाठ टेकून उभे राहिले. बहिणी कधी परतल्या, कळलं नाही.

गाडी निघाल्यावर धाकटी म्हणाली, "काही म्हणा दादा, तुमची कंपनी चोख आहे हां. गाडीमागे वेगळा माणूस ठेवायचा म्हणजे कमाल."

"कुठला माणूस?"

"अहो, तो नाही का, काखेत हेल्मेट घेतलेला. गाडी थांबली की दगड लावतो. तळ्यापाशीही होता. मघाशी तुम्ही पाठ करून उभे होतात, तेव्हा आमच्यापाशी आला."

पाचरभाऊंच्या हातात स्टिअरिंग एकदम जड झालं. "काय... म्हणाला?"

"काही नाही हो, फार शांत माणूस. तोंड सुकलेलं दिसलं म्हणून मी विचारलं, जेवलात का? तर नाही म्हणून मान हलवली. मी रुमालात दोन पाव बांधून दिले."

"जळका रुमाल दिला हिने," थोरली म्हणाली. "लाज नाही."

"रुमाल कोण बघतंय, ताई! त्याने ते आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवले. म्हटलं, आत्ताच खा की. तर म्हणाला, खाली पोचलो की जेवीन. मोटारसायकल कुठे लावलीत विचारलं, तर म्हणाला, खाली आहे."

बाहेर पांढऱ्या दगडांची ओळ सरकत होती. सातवं वळण आलं. पाचरभाऊंनी मान वळवली नाही, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. ओळीत एक दगड कमी होता. पडलेल्या दातासारखी खाच. सहा वर्षांत ती कोणी भरली नव्हती.

डोंगरमाथ्यावर बहिणी दोन तास फिरल्या, जेवल्या. पाचरभाऊ गाडीतून उतरलेच नाहीत. तिथेही किल्ली फिरवताच टक झालं होतं, आणि या वेळी त्यांनी मागे जाऊन बघितलं नव्हतं. निघताना मात्र उतरावंच लागलं. दगड रस्त्यात सोडून जाणं त्यांच्याच्याने होईना. कडेला नेऊन ठेवताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. आता पुरे... खाली येऊ नकोस."

वारा पडलेला होता.

उतरताना ते कुठेच थांबले नाहीत. घाटाच्या पायथ्याशी धाकटीने चहाचा हट्ट धरला. टपरी सपाटीवर होती. गाडी थांबली, पाचरभाऊंनी किल्ली फिरवून वाट बघितली. आवाज झाला नाही. सुटलो, असं वाटून ते खाली उतरले, तोच धाकटीची हाक आली.

"ताई, अगं इकडे ये! हाच ना तो?"

टपरीच्या फळीला एक कागद चिकटवलेला होता. वर "बेपत्ता", मधे फोटो, खाली फोन नंबर. कागद नवा कोरा होता.

"बायको येते दर वर्षी," टपरीवाली ग्लास विसळत म्हणाली. "जुना काढते, नवा लावते. सहा वर्षं झाली. चहा दिला तर घेत नाही."

थोरलीने चष्मा पुसून फोटो बघितला. "हाच. भुवईवरचा तीळसुद्धा."

"म्हणजे मेला धडधाकट आहे की! बायको तिकडे रडतेय आणि हा घाटात दगड लावत फिरतोय!" धाकटीने नंबर फिरवायला घेतला. "आत्ता सांगते तिला."

"नका..." पाचरभाऊ म्हणाले. पण तोवर फोन लागला होता.

"अहो बाई, तुमचे मिस्टर आम्हाला भेटले! आज सकाळी! हो हो, घाटात... नाही, अगदी बरे आहेत. बोलले आमच्याशी..." मग धाकटीचा चेहरा पडला. फोनवर हात ठेवून ती पुटपुटली, "ती विचारतेय, जेवलेत का."

पाचरभाऊंच्या ध्यानात आलं, की आता गप्प राहिलं तर ही बाई आज स्वयंपाक करून ठेवील. उद्याही. जन्मभर ताट झाकून ठेवील. त्यांनी हात पुढे केला.

"बाई, मी या गाडीचा ड्रायव्हर. ह्यांची चूक झाली. ते... बरे नाहीत. मला ठाऊक आहे ते कुठे आहेत."

पलीकडे कुठे तरी नळ गळत होता.

"सहा वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा दगड रस्त्यात राहिला. मी आवाज ऐकला होता. मागे फिरलो नाही."

मग अगदी सावकाश प्रश्न आला, "कुठलं वळण?"

"सातवं. पांढऱ्या दगडांत एक कमी आहे, तिथून सरळ खाली."

फोन बंद झाला. दोघी बहिणी त्यांच्याकडे बघत होत्या. परतीच्या वाटेवर धाकटी एक अक्षर बोलली नाही. हॉटेलपाशी उतरताना थोरलीने फक्त एवढं म्हटलं, "सांगितलंत, बरं केलंत." पण ती त्यांच्या डोळ्याला डोळा न देता आत गेली.

तिसऱ्या दिवशी पोलिसांची माणसं दोर लावून दरीत उतरली. जागा दाखवायला पाचरभाऊंना वर उभं केलं होतं. गंजलेली मोटारसायकल मिळाली, हेल्मेट मिळालं, आणि त्या माणसाचं जे काही उरलं होतं तेही. त्याची बायको आली, तिने ओळखलं आणि त्याला घरी नेलं. पाचरभाऊंकडे तिने नुसतं एकदा बघितलं.

मोटारसायकलच्या पिशवीत जेवणाचा डबा होता. झाकण गंजून बसलेलं. हवालदाराने स्क्रू-ड्रायव्हर घालून ते उचकटलं आणि तो आत बघत राहिला. डब्यात निळ्या किनारीचा स्वच्छ रुमाल होता, कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग. रुमालात दोन पाव. हवालदाराने एक दाबून बघितला. मऊ होता. त्याने पाचरभाऊंकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि पंचनाम्यात "रिकामा डबा" असं लिहिलं.

पावाचा तुकडाही मोडलेला नव्हता.

खटला अजून चालू आहे. पाचरभाऊंचा परवाना तीन महिने जमा होता. तो परत मिळाल्यावर त्यांनी ऑफिसात सांगितलं, घाट सोडून काहीही द्या. बुकिंगवालीने या वेळी थट्टा केली नाही. समुद्राकाठच्या एका बँकेच्या माणसांना सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं, असं काम दिलं. रस्ता ताटासारखा सपाट. पाचर त्यांनी सुताराला परत देऊन टाकली.

पहिल्याच दिवशी माणसांना बँकेत सोडून, गाडी धुऊन-पुसून त्यांनी ती समुद्रासमोरच्या वाहनतळावर लावली. दुपारचा एक वाजला होता. लख्ख ऊन. समोर भरतीचं पाणी, आजूबाजूला एकही चढ नाही. खिडकी खाली केली, खारा वारा आत आला. किती तरी दिवसांनी पोटात भूक जाणवली. त्यांनी किल्ली फिरवली.

टक.

पाचरभाऊ हलले नाहीत. आरशात रिकामा वाहनतळ दिसत होता. खाऱ्या वाऱ्यात हळूहळू ओल्या पाचोळ्याचा वास मिसळला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी काही तरी करायचं म्हणून त्यांनी मान न वळवता हात मागे नेला आणि मागच्या सीटवरचा डबा चाचपला. बायकोने सकाळी गच्च भरून दिलेला होता. जिना उतरताना हाताला चांगलं वजन लागत होतं.

डबा उचलला. तो अगदी हलका लागला.