सावमाच्या हातातले पाय

दुपारची जेवणं झाली की सावमाच्या दुकानात माणसं येऊ लागत. बंदरावरचा मासळीचा लिलाव तोवर आटोपलेला असे. लोक दाराशी चपला काढत, वेताच्या खुर्चीत रेलत आणि दवण्यासारखा वास येणाऱ्या पाल्याच्या कढत पाण्यात पाय सोडून बसत. मग सावमा एकेक पाय मांडीवरच्या टॉवेलावर घ्यायची. तैवानच्या त्या पूर्व किनाऱ्यावर पाय दाबणारे गावोगाव आहेत. सावमा तरुणपणी चर्चच्या आवारात हे काम शिकली होती. बोटांत डोकं, चवड्याखाली फुप्फुसं, मधल्या खोलगट भागात पोट, टाचेत कंबर; अख्खा माणूस तळव्यात असतो, असं ती मानत असे. माणसांचे चेहरे ती विसरायची, पाय मात्र कधी विसरली नाही.

तिचा एकुलता एक मुलगा फुतोल लांबच्या समुद्रात ट्यूना धरणाऱ्या बोटीवर होता. त्या बोटीशी संपर्क तुटला होता. ती कंपनीला फोन करायची, तेव्हा पलीकडचा माणूस अदबीने सांगायचा की शोध चालू आहे. घरी बसून डोकं फिरेल, म्हणून तिने दुकान बंद ठेवलं नव्हतं.

अशात तैपेईहून च्यू बाई आल्या. मोठ्या बँकेत साहेबीण होत्या, झोप पार उडाली होती, गोळ्यांनीही लागत नव्हती. पाय गोरे, मऊ, नखं रंगवलेली. सावमाने तेल लावून चवड्याखाली अंगठे रोवले आणि तिचे हात थांबले.

डोळ्यांना दिसत होता तो च्यू बाईंचाच पाय होता. अंगठ्यांखालचा नव्हता. तो रुंद होता, बोटं फाकलेली, कातडी राठ. मध्यभागी कालवाच्या शिंपल्याने कापल्याची जुनी गाठ होती. फुतोलचा पाय. लहानपणी त्याला दमा होता, तेव्हा रोज संध्याकाळी तिने तोच पाय दाबला होता. आता फुप्फुसांची जागा दगडासारखी कडक लागत होती. सावमाने श्वास रोखून ती जागा हळूहळू मोकळी केली. मोकळी होईपर्यंत च्यू बाई घोरायला लागल्या होत्या.

शेजारी मासे विकणाऱ्या लिसिनला तिने हे सांगितलं. लिसिन तिची लहानपणची मैत्रीण.

"जीव टांगणीला लागलाय गं तुझा, त्यात बोटांना भास व्हायचाच," लिसिन म्हणाली. तिने गमबूट काढून स्वतःचा पाय पुढे केला. "घे, माझा बघ. माशांचा वास येतोय, लेकाचा नाही."

सावमाने तो हातात घेतला आणि ती रडू लागली.

"ऊब आहे त्याच्या पायाला," ती म्हणाली. "जिवंत आहे तो."

त्यानंतर पाय कोणाचाही असो, हाताखाली फुतोलच यायचा. ती त्याचं पोट दाबायची, मूत्रपिंडाच्या जागेवर खड्यांसारख्या लागणाऱ्या गाठी फोडायची, मानेचा ताण उतरवायची. गिऱ्हाइकं चकित होऊन उठत. निवृत्त पोस्टमन श्यू काकांची कित्येक वर्षांची कंबरदुखी गेली. च्यू बाईंनी बँकेतल्या मैत्रिणी पाठवल्या. बाहेर बाकावर रांग लागू लागली.

आणि एके दिवशी शिंपल्याची गाठ तिला सापडेना.

तिने दोन्ही पाय चाचपले. गाठ विरलेली नव्हती. तिथे कधी काही कापलंच नव्हतं. तळवा शिंपला लागण्याआधीचा, शाळकरी पोराचा होता. पुढच्या आठवड्यात तो आणखी अरुंद झाला. टाच गुळगुळीत झाली. दम्याचा कडकपणा परत आला, तसाच, जसा दमा सुरू झाला त्या वर्षी होता.

आपण दाबतो म्हणून तो झिजतो, असं सावमाच्या मनाने घेतलं. तिने दुकानाला कुलूप लावलं. लोकांनी दार ठोठावलं, च्यू बाई तैपेईहून येऊन तशाच परत गेल्या. लिसिन रागावली, मग नुसतीच जवळ येऊन बसू लागली. सावमा हात मांडीखाली धरून बसायची. कोणाचा पाय हाताला लागू नये म्हणून चर्चमध्येही ती मागच्या बाकावर एकटी बसे.

एका रविवारी चर्चच्या पायरीवर श्यू काका घसरले. त्यांची चप्पल निसटली आणि सावमाने सवयीने त्यांचा घोटा सावरला. तळहाताला पाय लागला. तो अख्खा तिच्या मुठीत मावला. पाऊल जेमतेम चालायला लागलेल्या मुलाचं होतं.

न दाबल्याने काही थांबलं नव्हतं. उलट तेवढा काळ तो तिच्या हातात नव्हता.

तिने त्याच दुपारी दुकान उघडलं. आता ती दाबत नसे, नुसता पाय धरून बसे. गिऱ्हाइकांना तरीही बरं वाटत होतं. डोळे मिटून माणसं निवांत पडायची आणि सावमा त्यांच्या पायांकडे बघत नसे.

श्यू काका खुर्चीत होते तेव्हा फोन वाजला. बाहेर लख्ख ऊन होतं. काकांचा जाडजूड पाय टॉवेलावर होता आणि सावमाच्या दोन बोटांमध्ये सुरकुतलेलं, ओलसर पाऊल होतं, ज्याने अजून जमीन पाहिली नव्हती. त्याने एकदा लाथ मारली.

फोन वाजत राहिला. सावमाने हात काढला नाही.

लिसिन धावत आली, तिने फोन उचलला, ऐकत राहिली.

"शोध थांबवला म्हणतात, सावमा. ते बोलू का विचारतात तुझ्याशी."

सावमाने मान हलवली, नाही म्हणून. ती बोटं आवळत होती. घट्ट नाही, दुखू नये इतपतच.

मग बोटांमध्ये पाऊल राहिलं नाही.

कोमट पाणी तेवढं लागलं, दाट, किंचित चिकट. तेही निघून गेलं. राहिला तो श्यू काकांचा पाय, त्यांचाच, भेगाळलेल्या टाचेचा.

सावमाने तो अलगद टॉवेलावर ठेवला. ती उठली, दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेली आणि नळ सोडला. लिसिन फोन धरून दारातच उभी होती.

काकांचे डोळे मिटलेले होते. चेहरा सैलावला होता.

"सावमा," ते झोपेच्या काठावरून म्हणाले, "आज कोणाच्या लेकराला बसवलंस गं पायाशी? केवढेसे हात आहेत. पण दाबतंय छान."

सावमाचे दोन्ही हात तेव्हा नळाखाली होते.