एकेक चप्पल

"चपला हातात घे गो, वाजवू नको!" सासू गुणाबाई दारातून कुजबुजल्या, आणि वेणूने राहत्या घरातून चोरासारखा पाय बाहेर काढला... मागच्या पडवीत दोन वर्षांची मनस्वी मांजरीला बोंबलांची डोकी घालण्यात रंगली होती. पोर रंगली की मोठ्यांनी गुपचूप सटकायचं, म्हणजे ती मागे लागत नाही, हे शहाणपण करंजाड्यातल्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शहाणपण कसलं, दगाच तो! पण घरातल्या दग्याला दगा म्हणायची रीत नसते.

मनस्वी वेणूच्या पोटची नव्हती. नवरा शिवा कळंबोलीला ट्रकखाली गेला तेव्हा वेणूची कूस रिकामी होती. आणि धाकटी जाऊ अंकिता बाळंतपणात अशी खचली, की कितीतरी महिने तिला स्वतःची लेक उचलवेना. ती तान्ही वेणूच्या छातीशी वाढली. कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं नुसतं हट्टाचं, हे एक वेणूच ओळखी. अनोळखी माणूस आलं की पोर आधी वेणूच्या तोंडाकडे बघायची. वेणू हसली तर हसायची, वेणू दचकली तर किंचाळायची. आणि एके दिवशी तिने वेणूला 'आये' अशी हाक मारली... अंकितादेखत!

अंकिता त्या दिवशी जेवली नाही. "आई, त्या इथे आहेत तोवर माझी मुलगी माझी होणार नाही," ती सासूपाशी हमसून हमसून रडली. गुणाबाईंनी निवाडा केला, वेणूने उरणला भावाकडे राहायचं. जन्मदात्रीच्या हक्कापुढे काकूच्या काळजाला कोण विचारतो! वेणूने मान खाली घातली, एवढंच म्हणाली, "पोरीला सांगून जाऊ?"

"सांगशील तर आकांत करील. नाय!"

आणि खरंच, पोर रडली नाही. सगळ्या खोल्या धुंडाळून, मोरीत डोकावून ती उंबऱ्याशी बसली, दिवसामागून दिवस बसली, आणि मग बसायचीही थांबली. "बघ, इसरली! गुणाची पोर," गुणाबाई म्हणाल्या. मूल रडलं नाही म्हणजे विसरलं असं मानणाऱ्यांच्या अकलेची कीव करावी तेवढी थोडी!

मग घरातल्या चपला नाहीशा व्हायला लागल्या. निकेश, पोरीचा बाप, एका बुटासाठी घर डोक्यावर घेई. "द्वाड झाली हाय कार्टी!" म्हणून गुणाबाईंनी पाठीत धपाटा घातला. मनस्वीच्या डोळ्यांत टिपूस नाही. एकदा ती ओट्यावरून पडली, गुडघा फुटला. आई समोर उभी असून तिने हात पसरले नाहीत, एकटीच गुडघ्यावर फुंकर घालत बसली. अंकिताच्या काळजात चर्र झालं. "दुखलं ना गं? रड की गं, राणी!"

त्याच दिवशी तिने पलंग सरकवला. खाली चपलांची रास, प्रत्येकाची एकेकच!

"का गं लपवल्यास?"

"मंग कोनी जात नाय," मनस्वी म्हणाली... वेणूच्याच बोलीत.

अंकिता तडक उरणला गेली. वेणू अंगणात मासळी वाळत घालत होती. "ताई, मला वाटलं मी तुम्हाला दूर करतेय. मी माझ्या लेकीचंच काळीज तोडलं हो! चला."

वेणूने खारट हात पदराला पुसले. "तुझं एकटीचं पाप नाय. आमी त्याग करतो, आमी त्याग करतो, या गुर्मीत मी पन गप रायले. पोरीला कोनी इचारलं? मीच तिच्या पाठीमागून पलाले ना!"

वेणू घरी आली. मनस्वीने तिला डोळे भरून पाहिलं... आणि पाठ फिरवून ती मांजरीकडे निघून गेली! वेणू दुपारभर उंबऱ्याशी, पोर बसायची त्याच जागी बसून राहिली. हाक मारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी ती पोरीसमोर वाकली. "मनू, मी सामान आनाया उरणला जातंय. उद्या येतंय. ही चप्पल तुझ्यापाशी ठेव."

मनस्वीचा खालचा ओठ थरथरला. आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं रडं असं फुटलं, की शेजारपाजार दारात आला! गुणाबाई खाऊ घेऊन धावल्या, "गप, गप!" अंकिताने त्यांना अडवलं. "रडू द्या, आई. तिला आज रडू द्या!" तिने लेकीला उचलून घेतलं, आणि लेक प्रथमच तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. वेणू एक पाय अनवाणी तशीच रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पण 'आये' ही हाक पुन्हा आली नाही. मनस्वी तिला काकू म्हणते. रीतीने तेच बरोबर, म्हणून वेणू कोणाजवळ बोलत नाही; फक्त कधी मोरीत जाऊन उगाच तोंड धुते. पोर आता शाळेत जाते. तरी घरात कोणी उठलं, की तिची नजर आधी त्याच्या पायांकडे जाते.

"काकू, सांगून चाललीस ना?"

"सांगूनच गो," वेणू म्हणते, आणि चपला मुद्दाम वाजवत पायऱ्या उतरते.