कंबरेत अडकलेलं दार

दर्शना मयेकरनं चपला बाहेर काढल्या आणि सवयीनं पंजाबी ड्रेसवरूनच कंचुक चढवला. कंचुक म्हणजे पातळ जाळीचा अंगरखा. संकटात शरीर एखादी हालचाल सुरू करतं; ती मध्येच अडली, तर स्नायू ती वर्षानुवर्षं धरून बसतात. कंचुक ती अर्धवट हालचाल शोधून सावकाश पुरी करवून घेतो. मग अंग थरथरतं, रडू फुटतं आणि माणूस मोकळा होतो. रत्नागिरीत अशा उपचारांची तीन केंद्रं निघाली होती; हे त्यातलंच एक.

चौदा महिन्यांपूर्वी कोळंबी सोलायच्या कारखान्यात शीतगृहातून अमोनिया सुटला. सात बायका मागच्या दाराशी सापडल्या. हसीना सोलकर तिथेच गेली, सहा जणी वाचल्या. दाराला बाहेरून कडी होती, असं त्या सांगत होत्या. पाळी संपायच्या आत कुणी सटकू नये म्हणून मुकादम ती रोज लावायचा. कंपनी म्हणाली, दार उघडंच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तिथं नवं दार बसवलं आणि मोठ्या मनानं सगळ्यांना उपचार देऊ केले. पाच जणींचे उपचार झटपट उरकले. सहावी, दर्शना, ताप आणि घरच्या अडचणींमुळे मागे राहिली होती.

आज तिच्या उपचारांची शेवटची बैठक. त्याआधी वाचल्याची सही करायला म्हणून डॉक्टर तन्वी सप्रेंनी तिच्यापुढे चौकशी समितीला पाठवलेला अहवाल ठेवला. दर्शनानं तो सावकाश वाचला. सहाही जणींच्या स्नायूंत दाराकडे पाठ करून कंबर वळवण्याची हालचाल सापडली होती. निष्कर्ष असा, की दार समोर असूनही घाबरून बायका उलट्या वळल्या.

म्हणजे हसीना तिच्याच मूर्खपणानं मेली, असं आता सरकारी कागदावर छापून येणार होतं.

तिनं विचारलं, हे कुणी लिहिलं? मी, तन्वी म्हणाल्या. यंत्रानं जे दाखवलं, तेच.

कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट होता. दर्शनानं तो दोन्ही हातांनी उचलला, खोलीच्या दाराकडे पाठ केली आणि कंबरेचा असा हिसडा दिला, की दार बाहेरच्या भिंतीवर आपटलं.

"असं उघडतो आम्ही दार. अकरा वर्षं. हातात कोळंबीचा क्रेट असतो, मॅडम. हातानं दार उघडलंय कुणी त्या कारखान्यात? एकदा तरी येऊन बघायचं होतंत."

तन्वी खाली बसल्या. सहा शरीरं ओरडून सांगत होती आणि त्यांनी एसीत बसून ते उलटं वाचलं होतं. दार उघडं असतं, तर तो हिसडा पुरा झाला असता; अडला, म्हणजे बाहेरून कडी होती. अहवाल मागे घेते, म्हणाल्या. पण नोंदींत फेरफार होऊ शकतो म्हणून समिती पुरावा म्हणून फक्त सुनावणीत समोरासमोर केलेली चाचणी धरते, आणि पाच जणींच्या अंगात आता काहीच उरलेलं नाही. कंपनीच्या अर्जावरून सुनावणी चारदा पुढे गेली होती, पाचव्यांदाही जाणार होती.

म्हणजे ते दार आता फक्त दर्शनाच्या कंबरेत बंद होतं.

आणि ती कंबर तिला जगू देत नव्हती. गेल्या आठवड्यात तिची सात वर्षांची कनक मागून येऊन बिलगली, आणि फ्रिज शीतगृहासारखा घरघरला. दर्शनाच्या कंबरेनं पोरीला उडवलं. उंबऱ्यावर हनुवटी फुटली, तीन टाके पडले. तेव्हापासून कनक आईच्या मागून जात नाही, लांबून वळसा घेते.

"आज बैठक केली, तर तासाभरात तुम्ही मोकळ्या व्हाल," तन्वी हळू आवाजात म्हणाल्या. "नाही केली, तर कधी, ते मला सांगता येणार नाही."

दर्शनानं कंचुकाचे बंद सोडायला घेतले. दुसरा बंद सुटला, तिसऱ्यावर हात थांबला. सोडला तर कनक दुरावणार, बांधला तर हसीनाची साक्ष पुसली जाणार.

"कडी त्यांनी लावली," ती म्हणाली. "ती माझ्या अंगात किती दिवस ठेवायची, हेही त्यांच्याच तारखांवर ठरणार का?"