तपासनिसाची अडचण

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून बसवलं की माणूस अगदी कुचकामी होतो. फोन दिसत नाही, पेपर दिसत नाही. शेजारी एक धूसर निळा शर्ट तेवढा होता.

"तुम्हालाही दिसत नाहीये ना?" शर्टाने विचारलं.

"छे! तुम्ही देखणे असाल तर आज फुकट गेलात."

अगं बाई, हे मी बोलले? थेंब डोळ्यांत घातले होते, जिभेला काय झालं होतं कोण जाणे.

तो मनापासून हसला. मी काय करते ते विचारलं. म्हटलं, "ब्लॉकचेन म्हणजे संगणकांवरची सामाईक खातेवही; तिच्यातला व्यवहार सगळ्या जगाला दिसतो. आम्ही त्यावर माहिती झाकणारा खासगी थर बांधतोय. तुम्ही सज्ञान आहात हे गणिताने सिद्ध करायचं, पण जन्मतारीख कुणाला कळू द्यायची नाही."

"म्हणजे सगळं पटवायचं, आणि सांगायचं काहीच नाही? कमाल आहे!"

तेवढ्यात मला आत बोलावलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या सोमवारी आमच्या प्रमुख ताई एकाला घेऊन आल्या. "हे बाहेरचे तपासनीस. यांनी होकार दिला तरच आपला थर सुरू."

"नमस्कार," तो म्हणाला. आवाज तोच! आणि हो... देखणाही होता.

तो समोरच बसायचा. संत्रं सोलून चार फोडी न बघता माझ्याकडे सरकवायचा, आणि मग माझ्या कामाची सालं काढायचा.

"अभिनंदन," एकदा म्हणाला. "अजून जन्मालाच न आलेलं बाळ सज्ञान आहे, असं मी तुमच्या थराकडून सिद्ध करून घेतलं."

"काय?"

"वय काढताना वजाबाकी शून्याखाली गेली की संगणकात उणे आकड्याऐवजी भलामोठा आकडा होतो. ते अडवणारी अट घालायची राहिली."

कान तापले माझे. दुरुस्त करता करता मी त्याला मावशीचं सांगितलं. तिच्या आजाराची माहिती एका कंपनीतून फुटली, आणि तिची नोकरी गेली. म्हणून हा थर. त्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "एकही भोक राहू द्यायचं नाही."

तपासायचा शेवटचाच भाग उरला होता, आणि एके दिवशी तो कामावर आलाच नाही.

"त्याने काम सोडलं," ताई म्हणाल्या. "निःपक्ष राहता येत नाही म्हणे. कारण सांगायला तयार नाही; आत्ताच खाली ओळखपत्र देऊन गेला. आता नवा माणूस पहिल्यापासून तपासणार. म्हणजे दोन महिने वाया." मग चष्म्यावरून बघत, "तुला काही माहीत?"

मी तडक खाली गेले. तो अजून फाटकाशी उभा होता.

"शेवटचा भाग तपासून मग सोडता आलं नसतं?"

"एका ओळीची शंका आली," तो म्हणाला. "आणि मनात आलं... तिने लिहिलंय ना, मग बरोबरच असणार. न तपासताच पुढे गेलो मी! मागे येऊन ती ओळ पाहिली तेव्हा घाम फुटला. तुझ्या मावशीसारखं उद्या कुणाचं झालं असतं, तर?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो एकदम पायांकडे बघायला लागला.

"कुठली ओळ?"

"ताईंना सांगितलीय. तुझं काम तपासायला मी आता नालायक आहे. कायमचा."

मला भांडायचं होतं. खरंच! पण मावशीचा इतका विचार परक्या कुणी कधी केला नव्हता.

"तुझा भयंकर राग आलाय," मी म्हटलं. "आणि तू मला आवडतोस. खूप. दोन्ही एकदम."

"राग किती दिवस चालेल?"

"दोन महिने तरी."

"मग रोज येतो," तो म्हणाला, आणि मी त्याचा हात धरला.