हनुवटीवरचा कॅमेरा

कॅमेरा आधी दुकानात पोचला, ती मागाहून.

झालं असं, की वळणावरच्या खड्ड्यात मोटारसायकल जराशी उडाली, हँडलला लावलेला स्वस्तातला क्लॅम्प निसटला आणि तिचा कोराकरकरीत कॅमेरा घरंगळत थेट एका हेल्मेटच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन टेकला. पायरीवर बसलेल्या तरुणाने चहाचा कप खाली ठेवून तो उचलला, त्यावर फुंकर मारली आणि उलटसुलट करून पाहिला.

"काच शाबूत आहे," तो म्हणाला. "क्लॅम्प कुणी बसवला होता?"

"मी," ती हेल्मेट काढत म्हणाली.

"मग मी काही बोलत नाही."

"बोला की. तोंडावर तर सगळं दिसतंय तुमच्या."

तो हसला... आणि त्याच्या उजव्या गालाला खळी पडली. ती दातांची डॉक्टर. माणूस भेटला की आधी तोंडाकडे लक्ष जायचं, ही तिची रोजची सवय. दात बघता बघता खळी दिसली, त्याला ती तरी काय करणार?

दुकान एवढंसं होतं. भिंतभर हेल्मेटं, टेबलावर पाने आणि स्क्रूंच्या डब्या, आणि सगळ्याला नव्या रबराचा वास. स्टुलावर बसता बसता तिने त्याला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, हे तिचं तिलाच कळलं नाही. ही मोटारसायकल बाबांची. कमरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना गाडीवर बसायला साफ मनाई केली, तेव्हापासून ते खाली उतरून नुसती टाकी पुसतात आणि वर येऊन गप्प बसतात. आता म्हणतात, गाडी विकून टाकू. गिऱ्हाईकही ठरलंय, येत्या रविवारी संध्याकाळी येणार.

"तुम्ही चालवता की," तो म्हणाला.

"हेच मी म्हणाले. तर म्हणे, बाजारापर्यंत कुणीही चालवेल. तलावाच्या घाटात कशी चालवतेस ते दिसू दे, मग बघू. आता त्यांना मागे बसवून नेता येत नाही, म्हणून हा कॅमेरा. ही गाडी गेली ना, तर बाबा पुरतेच मिटून जातील हो."

त्याने टेबलावरचे पाने बाजूला सारले. मग कॅमेरा हातात घेऊन म्हणाला, "हँडलला लावलात तर इंजिनाची सगळी थरथर त्यात उतरेल. बाबांना चक्कर येईल. छातीला पट्टा बांधला तर निम्म्या पडद्यावर टाकीच दिसणार."

"टाकी ते रोजच बघतात."

"मग हनुवटी. हेल्मेटच्या पुढे, बरोबर हनुवटीवर. तुम्ही जिकडे बघाल तिकडेच हा बघणार. बाबांना वाटेल, आपणच चालवतोय."

त्याने हेल्मेट स्पिरिटने पुसलं, चिकटपट्टीला ऊब दिली आणि कॅमेऱ्याची बैठक अंगठ्याने दाबून धरली. वर एक बारीकशी दोरीही बांधली.

"तुमचा चिकटपट्टीवर विश्वास नाही वाटतं?"

"आहे. माझं काम आजवर कधी सैल झालेलं नाही, दुकानात कुणालाही विचारा." दुकानात तो एकटाच होता. "पण आज रात्रभर याला हात लावायचा नाही."

"आम्हीही नवा दात बसवला की हेच सांगतो. त्या बाजूने चावू नका."

"चावणार होतात की काय?"

ती इतकी मोकळी हसली, की रस्त्यावरून जाणाऱ्या आजीबाईंनी थांबून आत डोकावलं.

दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा चालवून पाहिला, तर सगळं आभाळच आलेलं. ती तशीच दुकानात गेली. तो म्हणाला, "हेल्मेट घाला. आता हनुवटी थोडी वर..."

"हे वाक्य माझं आहे हं."

त्याने स्क्रू ढिला करून कॅमेरा अंशभर खाली वाकवला. बोटं तिच्या गालापासून इतकी जवळ, पण मध्ये जाडजूड हेल्मेट. आयुष्यात पहिल्यांदाच तिला हेल्मेटचा राग आला. त्यानंतर रोज दवाखाना सुटला, की कॅमेऱ्यात काही ना काही खोट निघायचीच. कधी जरा डावीकडे झुकलेला वाटायचा, कधी उजवीकडे. तो बिचारा मुकाट्याने स्क्रू ढिला करायचा आणि पुन्हा तिथेच घट्ट करायचा.

शनिवारी तो म्हणाला, "घाटात रस्ता ओला असतो सकाळचा. मी पुढे राहतो... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"गिऱ्हाइकांना एवढी सेवा देता सगळ्यांना?"

"नाही," तो म्हणाला आणि उगाचच डब्यांमधले स्क्रू निवडू लागला.

रविवारी ते निघाले तेव्हा ऊन नुकतंच कोवळं पडत होतं. घाटाच्या पायथ्याशी धुकं होतं, ओल्या पानांचा वास होता. पुढे त्याची पाठ, वाऱ्याने फुगलेलं त्याचं निळं जाकीट. खड्डा आला की तो डावा हात खाली करून दाखवायचा. वळण आलं की ती शहाण्यासारखी वळणाच्या टोकाकडे बघायची, गाडी अलगद झुकायची, सरळ व्हायची. भीती अशी वाटलीच नाही. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारी तो तिच्या घरी आला, कॅमेरा टीव्हीला जोडून द्यायला. एरवी हे काम तिला सहज जमलं असतं, पण तिने तसं सांगितलं नाही. बाबा आरामखुर्चीत ताठ बसले. ती मागे उभी राहिली. पडद्यावर घाट सुरू झाला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. बाबांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर हळूच वळला, जणू मुठीत ॲक्सिलरेटर आहे. त्यांचे डोळे चमकले.

"नजर बघ पोरीची," ते पुटपुटले. "वळणाच्या पार पुढे! अस्सं पाहिजे."

तिचा जीव भांड्यात पडला. मग घाटमाथा आला, सरळसोट रस्ता. उजव्या हाताला तलाव, बाबांचा लाडका, सोन्यासारखा चमचमत... पडद्याच्या कडेला नुसता चाटून गेला. कॅमेरा स्थिर होता तो निळ्या जाकिटावर. तलाव संपला, जाकीट काही संपेना.

"अगं, तलाव उजवीकडे आहे!" बाबा म्हणाले. "हा कॅमेरा त्या पाठीला का चिकटलाय?"

  तिचे कान तापले. तेवढ्यात तो खाकरला.

"माझीच चूक, काका. बैठक सैल झाली असणार. कॅमेरा फिरला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आजवर कधीच सैल न झालेलं काम तो तिच्यासाठी खुशाल सैल म्हणत होता. हनुवटीशी अडून बसलेलं सगळं मग तिच्या ओठांवर आलंच.

"नाही बाबा," ती म्हणाली. "कॅमेरा एकदम घट्ट बसलाय. मीच बघत होते... त्याच्याकडे."

त्याचा चेहरा असा काही लाल झाला, की खळीसुद्धा लपली. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि बोट पडद्याकडे केलं.

"थांबव तिथे. याच्या गाडीचा आरसा बघ. इतका आत वळवलेला आरसा? यात मागून येणारा ट्रक दिसणार नाही. दिसणार ती फक्त मागची मोटारसायकल." ते त्याच्याकडे वळले. "काय रे, हाही सैल झाला होता का?"

"नाही, काका," तो खाली मान घालून म्हणाला. "हाही घट्टच होता."

बाबा हसायला लागले. ऑपरेशननंतर ते असे हसलेच नव्हते. हसता हसता त्यांनी फोन उचलला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "गाडी द्यायची नाही हो. घरात चालवणारी आहे." मग फोन ठेवून म्हणाले, "पुढच्या रविवारी परत जा दोघं. मला माझा तलाव बघायचाय, नीट!"

ती कॅमेऱ्याचं हेल्मेट हातात घेऊन त्याला सोडायला खाली आली, तेव्हा तो आरसा बाहेरच्या बाजूला वळवत होता.

"वळवतोस कशाला?" ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"काका बरोबर बोलले. ट्रक दिसायला हवा. पण मग तू..."

"पुढच्या रविवारी मी पुढे राहीन. म्हणजे तुला आरशात बघायलाच नको."

तो आरशापासून बाजूला झाला. मग त्याने तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं, कॅमेरा अलगद सोडवला आणि स्वतःच्या हेल्मेटच्या हनुवटीला लावून पाहिला.

"मग हा मी लावतो," तो म्हणाला. "काकांना मात्र तलाव काही दिसायचा नाही."