दर शनिवारचा माणूस

“दुसरा गिअर टाका, ताई. पहिल्यावर चाक नुसतं खड्डा खणत बसेल.”

आयोवातल्या एका कुरणात, चिखलात रुतलेल्या गाडीत बसलेली असताना कुणी मराठीत असं काही सांगेल, ही कल्पना मी कशी करणार? दचकून क्लचवरचा पाय सुटला आणि माझी जुनी डॅटसन आचका देऊन बंद पडली. शेजारच्या सीटवर टेपरेकॉर्डर होता, त्यावर आप्पांचं कीर्तन मात्र चालूच राहिलं.

खिडकीशी एक उंच, सावळा मुलगा उभा होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हनुवटीला चिखलाचा ठिपका. तो माझ्याकडे बघतच नव्हता, टेपकडे बघत होता.

“बुवा कोण?”

“माझे वडील.”

“पूर्वरंग चाललाय ना? मग चालू दे. निरूपण अर्धवट तोडू नये म्हणतात.” त्यानं गाडीच्या मागं जाऊन खांदा लावला. “हं, आता हळू… दुसरा!”

गाडी निघाली. मी आरशात पाहिलं, तर तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला, आणि हसत होता.

हे जून पंच्याऐंशीचं. त्याचं नाव गिरीश. मूळचा अकोल्याचा, विद्यापीठात मातीवर एम.एस. करणारा. उन्हाळाभर तो मेपल क्रीकच्या रेस ट्रॅकची माती सांभाळायला होता. हा ट्रॅक डांबराचा नव्हे, मातीचा. अर्ध्या मैलाचं अंडाकृती रिंगण, आणि त्यावर दर शनिवारी आजूबाजूचे लोक घरी बांधलेल्या गाड्या पळवायचे. कुणी शाळेची बस चालवणारा, कुणी डुकरं पाळणारा, कुणी गवंडी.

मी सुलेखा, मिरजेची, त्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते. ट्रॅकच्या मालकीणबाई लॉरेटा यांनी माझ्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं होतं. देशभर फिरून शर्यती लावणारी मोठी टूर दरवर्षी एका रात्रीपुरती त्यांच्याकडे यायची. नावाजलेले ड्रायव्हर, रंगीत ट्रेलर, पाचपट गर्दी. पण त्या एका रात्रीचे टूरला पंधरा हजार डॉलर मोजावे लागत, माणसं येवोत न येवोत. ‘हे आम्हाला परवडतं का, तेवढं एखाद्या हुशार मुलाकडून मोजून द्या,’ असं लॉरेटाबाईंनी लिहिलं होतं. प्रोफेसरांनी मुलगा न पाठवता मला पाठवलं.

लॉरेटाबाई साठीच्या, विधवा, गळ्यात छोटा क्रूस. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “हनी, तू जेवलीस का?”

त्या एका प्रश्नावरून पुढचं सगळं मला तिथंच कळून चुकलं. ही बाई मोठ्या रात्रीचा धंदा करत असेल, पण तिचा जीव शनिवारच्या माणसांत होता.

मग माझेही शनिवार सुरू झाले. चाळीस मैल ड्राइव्ह करून जायचं, गेटपाशी खुर्ची टाकून बसायचं, लोकांना विचारायचं… कुठून आलात, किती जण, काय खाल्लंत? आणि संध्याकाळी उन्हं उतरली की गिरीश यायचा, फॉइलमध्ये गुंडाळलेलं भाजलेलं कणीस घेऊन. वर मीठ, लिंबू आणि अकोल्याहून आलेलं लाल तिखट.

“इथं शाकाहारी माणसानं जगायचं कसं, ते मीच शोधून काढलंय,” तो म्हणायचा. “पेटंट घेणार आहे.”

“पहिल्या दिवशी ताई म्हणालात. आता कणसं कशाबद्दल?”

“ते चिखलात म्हटलं होतं. चिखलातलं बोलणं धरायचं नसतं.”

“मग कोरड्यात काय म्हणणार?”

तो कणसाचे दाणे मोजल्यासारखे खायचा. मला हसू लपवावं लागायचं.

एकदा त्यानं मला माती बघायला शिकवलं. ट्रॅकवरची ओली माती माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. “दाबा. गोळा झाला पाहिजे. आता बोटानं टोचा. फुटला पाहिजे. गोळाच झाला नाही तर धूळ उडते, फुटला नाही तर गाड्या रुततात. दोन्हीच्या मधे वाफसा. घाई करून तो येत नाही.”

त्याची बोटं खरखरीत होती. माझ्या मुठीवरून काढून घ्यायला त्यानं जरा वेळच लावला…

जुलैच्या शेवटी आप्पांची कॅसेट आली. दर महिन्याला ते पत्राऐवजी कीर्तनाची कॅसेट पाठवायचे आणि शेवटी दोन वाक्यं घरची बोलायचे. या वेळी घरचंच जास्त होतं. सांता क्लाराचं स्थळ आलं होतं. संजीव नावाचा इंजिनियर, स्वतःचं घर, ग्रीन कार्ड. माणसं चांगली. ‘ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी तो तुला फोन करील, बेटा. त्याला हो किंवा नाही सांग. निर्णय तुझा. पण लोंबकळत कुणाला ठेवू नये.’

मी शनिवारी गिरीशला सांगितलं. का सांगितलं, ते मला माहीत होतं. त्यानं काय म्हणावं, तेही माहीत होतं. तो म्हणाला,

“चांगलंय की. गॅरंटीवालं स्थळ आहे.”

“तुम्हाला एवढंच म्हणायचंय?”

त्यानं हातातला मातीचा गोळा दाबला, टोचला. तो फुटला नाही. “आज माती फार ओली आहे,” म्हणाला आणि पाण्याच्या टँकरकडे निघून गेला.

माझा रिपोर्ट तोवर लिहून होत आला होता. तिकिटाचा बहुतेक पैसा टूर घेऊन जाते, लॉरेटाबाईंना उरतो तो आपल्याकडच्या वडापावच्या गाड्यांसारख्या त्यांच्या खाण्याच्या खिडक्यांवर. बक्षिसं बाहेरचे जिंकतात. शनिवारच्या गाड्यांना त्या रात्री जागाच नसते, म्हणून ते लोक चिडतात. आणि गेट उघडल्यावर पाऊस आला, शर्यत झाली नाही, तरी टूरला निम्मे पैसे द्यावेच लागतात. वर प्रेक्षकांची तिकिटं परत. अशी एक रात्र फसली की वर्षभराची कमाई बुडाली. मी शेवटचं वाक्य पेन्सिलीनं लिहिलं होतं : बोलावू नये.

टूरची रात्र ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी होती. फोन त्याच आठवड्यातल्या रविवारी येणार होता.

बुधवारी तीन वाजता गेट उघडलं. चार वाजता पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं आणि मक्याच्या शेतांवरून सरसरत पाऊस आला. लोक प्रेक्षकांच्या स्टँडखाली धावले. टूरचा मॅनेजर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला सभ्य माणूस, लॉरेटाबाईंना म्हणाला, “मॅडम, साडेसहापर्यंत ट्रॅक तयार दिसला नाही तर कॅन्सल करावं लागेल. पुढं उद्या आम्हाला इलिनॉयला पोचायचंय.”

लॉरेटाबाई नुसत्या मान हलवून खुर्चीवर बसल्या. गळ्यातला क्रूस त्यांनी मुठीत धरला होता. मला माझं पेन्सिलीचं वाक्य आठवलं, आणि ते खरं ठरू नये म्हणून मी मनातल्या मनात नाम घ्यायला लागले.

लोक गाड्यांकडे बघायला लागले होते. एकदा का ते निघाले की परत येणार नव्हते. तेव्हा रेव्हरंड टकर माइकपाशी गेले. शर्यतीआधी प्रार्थना म्हणायला दर शनिवारी जवळच्या वॉटर्लू गावाहून येणारे कृष्णवर्णीय पाद्री, धिप्पाड, आवाज घुमटासारखा. त्यांनी बायबलमधल्या महापुराची, नोहाची गोष्ट सुरू केली. आधी नुसतं बोलणं, मग बोलण्याला हेल, मग हेलातून सूर. एक ओळ ते म्हणायचे, स्टँडखालची माणसं तीच परत म्हणायची. “त्यानं चाळीस दिवस वाट पाहिली,” ते गात म्हणाले, “आणि तुम्हाला चाळीस मिनिटं झाली नाहीत तोच पार्किंगची आठवण झाली?” सगळे हसले, आणि टाळ्या पडल्या त्या ठेक्यात पडल्या.

माझ्या अंगावर काटा आला. टाळ नाही, वीणा नाही, बुक्का नाही, पण हे कीर्तन होतं. ज्याचं नाव घ्यायचं त्याला सगळ्या भाषा येतात, हे आप्पा नेहमी सांगायचे. मला ते त्या पत्र्याच्या छपराखाली पटलं.

कुणीही गेलं नाही. खाण्याच्या खिडक्यांवर रांगा लागल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी पाऊस थांबला. गिरीश ट्रॅकवरून धावत आला, मुठीत गोळा. “वरचा थर बसवायला हवा. रोलर एकटा पुरणार नाही. चाकं हवीत. खूप चाकं.”

लॉरेटाबाई उठल्या, रेव्हरंडच्या हातातून माइक घेतला. “ज्याला आपल्या गाडीपेक्षा हा ट्रॅक जास्त प्रिय असेल,” त्या म्हणाल्या, “त्यानं गाडी आत आणावी. चिखल मी धुऊन देणार नाही.”

सत्तावीस नंबरची गाडी पळवणारा तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर त्याचा पिकअप घेऊन आत आला. त्या रात्री ज्याच्या गाडीला शर्यतीत जागा नव्हती, तोच पहिला. त्याच्यामागं गवंडी. मग डुकरंवाला. मग शनिवारचे सगळेच… मी डॅटसनची किल्ली काढली.

“तुम्ही नका,” गिरीश म्हणाला. “रुताल.”

“मग शेजारी बसा. दुसरा गिअर कधी टाकायचा ते सांगायला.”

शंभरएक गाड्या, ताशी दहा मैल, एकमेकींच्या मागं. चाकाखाली चिखल चपचपत होता. ढगांच्या फटीतून तिरपं ऊन आलं आणि ओली माती तांब्यासारखी चमकायला लागली. टेपवर आप्पांचा उत्तररंग चालू होता. मी डावीकडे वळत राहिले, वळतच राहिले.

“ही प्रदक्षिणा उलटी चाललीय,” मी म्हणाले. “देवाला चालेल का?”

“मध्ये देव कुठाय? अँब्युलन्स उभी आहे.”

“म्हणजे दोघांचं काम तेच.”

तो हसला. तिसरी फेरी झाली, चौथी झाली.

“रविवारी फोन येणार ना तुला?” तो म्हणाला. ‘तुला’ म्हणाल्याचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं.

“येणार.”

“काय सांगणार?”

“तू मला काही सांगितलं असतंस, तर ठरवायला सोपं गेलं असतं.”

तो समोरच्या पिकअपच्या लाल दिव्यांकडे बघत होता. “सुलेखा, माझ्याकडे घर नाही. ग्रीन कार्ड नाही. डिसेंबरनंतर कुठं असेन, तेही माहीत नाही. त्या माणसासारखी गॅरंटी मला देता येत नाही, म्हणून मी गप्प बसलो. मी काही ट्रेलर भरून येणारा मोठा शो नाही गं. मी… दर शनिवारचा माणूस आहे. पाऊस असला तरी येईन. गर्दी नसली तरी येईन. एवढंच आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं धूसर दिसायला लागलं.

“गिअर,” तो हळूच म्हणाला. “दुसरा.”

“कळतं मला,” मी म्हणाले. आणि गिअर बदलल्यावर हात तिथंच ठेवला. त्यानं आपला हात वर ठेवला. किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. मी, जी सगळं मोजायला आले होते.

साडेसहाला टूरचा मॅनेजर स्वतः ट्रॅकवर उतरला. पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता त्यानं माती दाबून पाहिली आणि मान डोलवली. सात वाजता शर्यत सुरू झाली.

रिपोर्टचं शेवटचं वाक्य मी खोडलं. नवीन लिहिलं : बोलवा, पण दोन अटी घाला. पावसानं कॅन्सल झालं तर एक पैसाही देणं लागू नये. आणि त्या रात्रीची पहिली शर्यत शनिवारच्या गाड्यांची असावी. मोठा शो एका रात्रीत येतो नि जातो. ट्रॅक उभा राहतो तो दर शनिवारी येणाऱ्यांच्या चाकांवर. लॉरेटाबाईंनी ते दोनदा वाचलं. “हे अर्थशास्त्र आहे का, हनी?” त्यांनी विचारलं.

“थोडं निरूपण पण आहे,” मी म्हणाले.

रविवारी संजीवचा फोन आला. मी त्याला ‘नाही’ म्हटलं, कारणही सांगितलं. तो चांगला माणूस होता. म्हणाला, “लवकर सांगितलंत, बरं झालं.” मग मी मिरजेला फोन जोडला. आप्पांना गिरीशबद्दल सगळं सांगितलं.

“करतो काय मुलगा?”

“माती बघतो, आप्पा.”

“कीर्तन ऐकतो?”

“पहिल्या भेटीत पूर्वरंग ओळखला.”

लाइनवर खरखर झाली. मग आप्पा म्हणाले, “पुढच्या कॅसेटच्या दोन प्रती करतो.”

पुढच्या शनिवारी सकाळपासून पाऊस होता. दुपारी मी मेपल क्रीकला पोचले, तर गेटला साखळी. कुरणात एकही गाडी नाही. तिकिटाच्या खिडकीच्या पत्र्याखाली गिरीश उभा होता, रबरी बूट घालून, हातात फॉइलची गुंडाळी.

“रेस कॅन्सल झालीय,” तो म्हणाला. “तुझ्या रूमवर फोन केला होता. मिळाला नाही का निरोप?”

“मिळाला.”

“मग चाळीस मैल कशाला आलीस?”

मी त्याच्या हातातलं कणीस घेतलं. अजून गरम होतं.

“शनिवार आहे ना,” मी म्हणाले.